चौफेर ध्वनीचे दोन जन्म

ध्वनिमुद्रण आणि ध्वनिमिश्रण या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय जुन्या रॉक अल्बमांच्या चौफेर ध्वनीतील पुनर्मिश्रणांचा इतिहास नीट उलगडत नाही. १९६० च्या दशकात लंडन आणि अमेरिकेतील स्टुडिओंमध्ये बहुट्रॅक ध्वनिफीत रुळली. एकाच रुंद फितीवर शेजारी शेजारी चार, पुढे आठ, सोळा आणि चोवीस स्वतंत्र पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, असत आणि ड्रम, बास, गिटार, गायन यांना शक्य तेथे आपापली पट्टी मिळे. या पट्ट्या एकत्र करताना कोणाचा आवाज किती ठेवायचा, कोणाला डावीकडे आणि कोणाला उजवीकडे बसवायचे, कोणाला घुमारा द्यायचा हे ठरवून दोन चॅनेलची जी अंतिम फीत तयार होई ते स्टीरिओ मिश्रण, आणि श्रोत्याच्या घरी पोहोचे ते एवढेच. मूळ बहुट्रॅक फीत कपाटात जाई. ती कपाटात शाबूत राहिली असेल, तर मिश्रणाचे सगळे निर्णय पुन्हा घेता येतात, आणि दोनऐवजी चार, सहा किंवा त्याहून अधिक स्पीकर गृहीत धरून श्रोत्याला वाद्यांच्या मधोमध बसवता येते. या शक्यतेवर रॉक संगीताच्या व्यवसायाने दोनदा पैज लावली: पहिल्यांदा १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आणि दुसऱ्यांदा विसाव्या शतकाच्या अखेरीस. बाजाराच्या हिशेबात पहिली पैज साफ बुडाली आणि दुसरीही फारशी जिंकली गेली नाही. तरीही दुसऱ्या खेपेने मागे ठेवलेले काम पहिल्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचे आहे, आणि तसे का झाले हे या इतिहासातच दडलेले आहे.

ध्वनी श्रोत्याभोवती फिरवण्याची हौस रॉक संगीतात तबकडीच्या आधी रंगमंचावर आली. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइडने 'गेम्स फॉर मे' हा कार्यक्रम केला, तेव्हा ॲबी रोड स्टुडिओतील बर्नार्ड स्पाइट या तंत्रज्ञाने बनवलेली एक पेटी वापरण्यात आली. ॲझिमथ कोऑर्डिनेटर असे भारदस्त नाव मिळालेल्या या पेटीवर एक दांडा होता आणि तो ज्या दिशेला झुकवावा त्या दिशेच्या स्पीकरमधून आवाज येई, त्यामुळे पावलांचा किंवा ऑर्गनचा आवाज सभागृहाला चक्कर मारून येत असल्याचा भास होई. कार्यक्रमानंतर ती पेटी चोरीला गेली. पुढे बँडने तिची सुधारित आवृत्ती करवून घेतली. चार दिशांचा विचार करण्याची ही सवय असलेल्या बँडकडूनच या प्रकरणातला सर्वांत जास्त चर्चिला गेलेला अल्बम आला, हा योगायोग नव्हे.

'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम १९७२ च्या मध्यापासून १९७३ च्या आरंभापर्यंत ॲबी रोडमध्ये सोळा ट्रॅकांवर मुद्रित झाला. ध्वनिमुद्रक होता तरुण ॲलन पार्सन्स. 'टाइम' या गाण्याच्या आरंभी एकदम वाजू लागणारी घड्याळे त्याने या अल्बमसाठी मुद्रित केलेलीच नव्हती. चार चॅनेलच्या ध्वनीची प्रात्यक्षिके दाखवणाऱ्या तबकडीसाठी त्याने जुन्या घड्याळांच्या एका दुकानात ती एकेक करून टिपून ठेवली होती आणि बँडला ती ऐकवल्यावर त्यांनी ती उचलली. या अल्बमचा सर्वांना ठाऊक असलेला ध्वनिप्रसंग अशा रीतीने क्वाड्राफोनिकच्या खटाटोपातूनच आलेला आहे. मात्र चार चॅनेलचे मिश्रण वेळेत झाले नाही. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनच्या तारांगणात पत्रकारांसाठी अल्बम ऐकवण्याचा समारंभ झाला, तेव्हा क्वाड्राफोनिक मिश्रण तयार नसल्याने स्टीरिओ मिश्रण साध्या ध्वनिक्षेपण यंत्रणेवर वाजवण्यात आले आणि रिचर्ड राइट वगळता बँडमधील कोणी तेथे फिरकले नाही. पार्सन्सने चार चॅनेलचे मिश्रण नंतर पुरे केले व ते त्याच वर्षी बाजारात आले, पण तोवर अल्बमची ओळख स्टीरिओतूनच घट्ट झाली होती.

क्वाड्राफोनिक म्हणजे खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर आणि त्यांना चार स्वतंत्र चॅनेल. फितीवर हे सोपे होते. अडचण होती तबकडीची, कारण तबकडीच्या खाचेला दोनच भिंती असतात आणि प्रत्येक भिंतीवर एकच चॅनेल कोरता येतो. चार चॅनेल दोन भिंतींत कसे बसवायचे, या प्रश्नाला उद्योगाने एकाच वेळी परस्परविरोधी उत्तरे दिली आणि येथेच या प्रकरणाचे भवितव्य ठरले. सीबीएस कंपनीच्या एसक्यू आणि सान्सुई या जपानी कंपनीच्या क्यूएस पद्धतीत मॅट्रिक्स नावाचे तंत्र होते; मागच्या दोन चॅनेलचे ध्वनितरंग ठरावीक कोनाने पुढे-मागे सरकवून ते पुढच्या दोन चॅनेलमध्ये मिसळले जात आणि घरातील डीकोडर त्या सरकवण्यावरून ते पुन्हा वेगळे काढण्याचा प्रयत्न करी. प्रयत्न म्हणायचे कारण असे की, एकदा मिसळलेले पूर्णपणे सुटे होत नाही. पुढचा गायक मागच्या स्पीकरमध्ये पुसट ऐकू येई आणि स्वस्त डीकोडरवर चार कोपऱ्यांचे चित्र विस्कटून जाई.

जेव्हीसी कंपनीची सीडी-४ ही पद्धत अधिक प्रामाणिक आणि त्यामुळे अधिक नाजूक होती. तिच्यात प्रत्येक भिंतीवर त्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चॅनेलची बेरीज नेहमीच्या ध्वनीसारखी कोरली जाई, आणि त्या दोहोंची वजाबाकी मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ३० किलोहर्ट्झच्या वाहक तरंगावर स्वार करून त्याच भिंतीवर कोरली जाई; डीकोडर बेरीज-वजाबाकीचे साधे गणित उलटे करून चारही चॅनेल खऱ्या अर्थाने सुटे करी. यासाठी सुईला सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंतची कंपने वाचावी लागत. ते नेहमीच्या सुईच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून नोरिओ शिबाता या अभियंत्याने खाचेला अधिक लांबवर टेकणारे नवे टोक घडवले. शिबाता सुई नावाने ते आजही विकले जाते आणि चांगल्या स्टीरिओ ऐकण्यासाठी वापरले जाते. क्वाड्राफोनिकचा कदाचित हाच एक निर्विवाद फायदा. पण साध्या सुईने ही तबकडी वारंवार वाजवली की तो सूक्ष्म वाहक तरंग झिजे आणि मागच्या स्पीकरमधून संगीताऐवजी खरखर ऐकू येऊ लागे.

ग्राहकाच्या दृष्टीने हा सगळा प्रकार वैतागवाणा होता. एसक्यूची तबकडी क्यूएसच्या डीकोडरवर धड वाजत नसे, सीडी-४ ला तिसरेच यंत्र लागे, आठ ट्रॅकांच्या कॅसेटवरील चौथा प्रकार वेगळाच होता, आणि एखाद्याला दोन आवडते बँड वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर त्याने दोन यंत्रणा घ्याव्यात अशी अपेक्षा होती. त्यातही पुष्कळ क्वाड्राफोनिक मिश्रणे स्टुडिओतील दुय्यम काम म्हणून, कलाकार हजर नसताना, घाईघाईने उरकलेली होती. 'द हू' या बँडचा १९७३ चा 'क्वाड्रोफेनिया' याचे बोलके उदाहरण ठरतो. चार व्यक्तिमत्त्वे, चार सूत्रे आणि चार चॅनेल अशी त्याची मूळ कल्पना होती, पण उपलब्ध पद्धतींचा दर्जा पीट टाउनसेंडला पटला नाही आणि चौपटपणाच नावात मिरवणारा हा अल्बम स्टीरिओत आला. त्याचे संपूर्ण चौफेर मिश्रण बाजारात यायला २०१४ साल उजाडले. १९७६-७७ पर्यंत बहुतेक कंपन्यांनी क्वाड्राफोनिकचा नाद सोडला होता.

तंत्र मात्र वाया गेले नाही. १९७५ मध्ये केन रसेलने 'द हू'च्याच 'टॉमी'वर चित्रपट काढला, तेव्हा त्यासाठी पुढे तीन आणि मागे दोन अशी पाच चॅनेलची व्यवस्था करण्यात आली आणि तिच्यात क्वाड्राफोनिकचे मॅट्रिक्स वापरले गेले. डॉल्बी प्रयोगशाळेने चित्रपटगृहांसाठी जी स्टीरिओ पद्धत विकसित केली, तिचा पायाही हाच होता, आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नंतर ती जगभर पसरली. घराने नाकारलेला चौफेर ध्वनी अशा रीतीने चित्रपटगृहात जाऊन मोठा झाला आणि वीस वर्षांनी डीव्हीडीच्या पाठीवर बसून घरी परतला. आता त्याचे नाव ५.१ होते: समोर डावा, मधला व उजवा, मागे दोन असे पाच पूर्ण चॅनेल आणि केवळ खर्जासाठी एक सहावा. लोकांनी ही यंत्रणा संगीतासाठी घेतलेली नव्हती, चित्रपटांसाठी घेतली होती. पण स्पीकर घरात आले होते आणि डिजिटल तबकडीवर सहा चॅनेल न मिसळता ठेवता येत होते, त्यामुळे १९७३ ची मुख्य तांत्रिक अडचण आपोआप मिटली होती.

एवढे होऊनही उद्योगाने जुनी चूक जशीच्या तशी पुन्हा केली. सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणली, प्रतिस्पर्धी गटाने २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आणली, आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर त्या दर्जात वाजत नसे. ग्राहक पुन्हा दोन दगडांवर पाय ठेवून उभा राहिला आणि काही काळातच एमपी३ व आयपॉडच्या दिशेने निघून गेला. तरी त्या अल्पकाळात उत्तम काम झाले. एलियट शायनर या अमेरिकी ध्वनिमुद्रकाने ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' ५.१ मध्ये मिसळला तो याच काळात, आणि २००२ मध्ये आलेल्या क्वीनच्या 'अ नाइट ॲट दि ऑपेरा'च्या चौफेर आवृत्तीतही त्याचा हात होता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या आणि तेथेच शालेय मित्रांबरोबर पहिला बँड काढलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तील आवाजांचे थर चोवीस ट्रॅकांच्या फितीवर पुन्हा पुन्हा एकत्र करून रचलेले होते. ते समूहगायन पाच स्पीकरांत पसरल्यावर स्टीरिओत दाटीवाटीने उभे असलेले गायक मोकळे झालेले ऐकू येतात.

शायनरच्या कामातून एक वादही पुढे आला, जो आजपर्यंत मिटलेला नाही. एका पक्षाच्या मते संगीत समोरून यावे आणि मागच्या स्पीकरांनी केवळ सभागृहाचा घुमारा व प्रेक्षकांचे अस्तित्व द्यावे; दुसऱ्या पक्षाच्या मते स्टुडिओत थर रचून केलेल्या रॉक अल्बमला सभागृह कधी नव्हतेच, तेव्हा गिटार मागून आली तर बिघडले कोठे. शायनर दुसऱ्या पक्षाचा होता. पहिला पक्ष थेट मैफिलीच्या मुद्रणाला ठीक आहे, पण ज्या संगीताची जागाच मिक्सिंग डेस्कवर कल्पनेने निर्माण केलेली आहे त्याला समोरच्या भिंतीशी बांधून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

२००३ मध्ये 'डार्क साइड'च्या तिसाव्या वर्षानिमित्त त्याचे ५.१ मिश्रण सुपर ऑडिओ सीडीवर आले, तेव्हा ते काम पार्सन्सकडे न देता बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रकाकडे, जेम्स गथ्रीकडे देण्यात आले. १९७३ मध्ये सोळा ट्रॅक अपुरे पडल्याने अनेक वाद्ये एकत्र करून ती दुसऱ्या फितीवर उतरवली गेली होती, आणि अशा प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर वाढते. गथ्रीने पहिल्या पिढीच्या मूळ फिती शोधून त्या दुसऱ्या पिढीच्या फितींशी जुळवल्या, त्यामुळे त्याच्या मिश्रणात जी स्वच्छता आहे ती १९७३ मध्ये खुद्द स्टुडिओतही कोणी ऐकलेली नव्हती. मिश्रणाची मांडणी मात्र त्याने मूळ स्टीरिओला बरीच धरून ठेवली, आणि ती जरा जास्तच धरून ठेवली अशा आशयाची टीका पार्सन्सने केली. २०११ च्या संचात ही दोन्ही मिश्रणे शेजारी शेजारी देण्यात आली, त्यामुळे तुलना करता येते. पार्सन्सची घड्याळे चार कोपऱ्यांतून खणखणीत, थोडी उद्धटपणे वाजतात. गथ्रीकडे तीच घड्याळे एका सलग अवकाशात नांदतात. पहिल्यात नव्या खेळण्याचा आनंद आहे आणि दुसऱ्यात जाण. ज्याला १९७३ चे कुतूहल हवे आहे त्याने पहिले ऐकावे आणि ज्याला अल्बम हवा आहे त्याने दुसरे.

या कामातली खरी कसोटी बहुट्रॅक फितीवर जे नसते त्यात आहे. तेथे वाद्यांचे कच्चे आवाज असतात. मिश्रणाच्या क्षणी डेस्कवर हलवलेले हात, धातूच्या ताणलेल्या पत्र्यावरून किंवा रिकाम्या खोलीतून फिरवून आणलेला घुमारा, दोन फितींच्या अंतरातून मिळवलेला प्रतिध्वनी, शेवटी हळूहळू मंद होत जाणारा आवाज आणि ब्लेडने कापून जोडलेले तुकडे बहुधा फक्त अंतिम स्टीरिओ फितीवरच असतात. म्हणून पुनर्मिश्रण करणाऱ्याला आधी सगळे मूळ निर्णय कानांनी ऐकून पुन्हा घडवावे लागतात. त्याआधी फीत वाजली पाहिजे, हा आणखी वेगळा प्रश्न असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वापरल्या गेलेल्या काही फितींतील चिकटद्रव्य ओलावा शोषून चिकट होते व फीत यंत्राला चिकटून तिच्यावरचा थर खरवडला जातो. अशी फीत पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत काही तास अक्षरशः भाजून घेतात, म्हणजे ती तात्पुरती वाजण्याजोगी होते, आणि त्या अवधीत तिची डिजिटल नक्कल करून घेतात.

या शिस्तीने सर्वांत मोठे काम करणारा माणूस म्हणजे पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा स्टीव्हन विल्सन. त्याच्याच 'इन ॲबसेन्शिया' अल्बमचे चौफेर मिश्रण शायनरने केले होते आणि ते पाहूनच त्याला या कलेची गोडी लागली. किंग क्रिम्सनचा प्रमुख रॉबर्ट फ्रिप आरंभी साशंक होता. नमुन्यादाखल केलेले काम ऐकल्यावर त्याने आपला संग्रह विल्सनकडे सोपवला आणि २००९ पासून चाळिसाव्या वर्षानिमित्तच्या आवृत्त्या निघू लागल्या. १९६९ चा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग' आठ ट्रॅकांवर झाला होता व त्यातही वाद्ये एका फितीवरून दुसरीवर उतरवत नेली होती. विल्सनने त्या आधीच्या फिती संगणकावर एकमेकींशी जुळवून घेतल्या, त्यामुळे मेलोट्रॉनचे, म्हणजे प्रत्येक पट्टीखाली आधी मुद्रित केलेली फीत असलेल्या त्या विचित्र कीबोर्डचे, थर प्रथमच सुटे सुटे हाती आले. त्याची पद्धत ठरलेली आहे: मूळ स्टीरिओ आणि आपले मिश्रण आलटून पालटून ऐकत दोहोंत भेद कळेनासा होईपर्यंत नवे स्टीरिओ घडवायचे, आणि मगच ते पाच दिशांना उघडायचे. 'लिझर्ड' हा १९७० चा गिचमिड अल्बम फ्रिपला स्वतःलाही कधी आवडला नव्हता. विल्सनच्या मिश्रणानंतर त्यातले संगीत पहिल्यांदा ऐकू आले अशी कबुली त्याने दिली. जेथ्रो टलच्या 'ॲक्वालंग'चा मूळ ध्वनी कायमच बोथट म्हणून बदनाम होता, आणि २०११ मध्ये विल्सनने तो उजळल्यावर दोष फितीचा नव्हे, मिश्रणाचा होता हे सिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या हस्तलिखितांवर जे संपादकीय कष्ट घेतले त्या जातीचे हे काम आहे.

बीटल्सच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक अवघड होता, कारण 'सार्जंट पेपर' १९६७ मध्ये केवळ चार ट्रॅकांच्या यंत्रांवर झालेला. २००६ मध्ये लास व्हेगासमधील 'लव्ह' या नृत्यनाट्यासाठी जॉर्ज मार्टिन आणि त्याचा मुलगा जाइल्स यांनी गाण्यांची सरमिसळ केली, ते सहा हजारांहून अधिक स्पीकरांच्या नाट्यगृहासाठी. घरासाठी त्याचे ५.१ मिश्रणही निघाले. तो कोलाज होता, पुनर्मिश्रण नव्हे. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी 'सार्जंट पेपर'च्या मूळ फितींकडे परत जाऊन खरेखुरे चौफेर मिश्रण केले, आणि त्यात 'विदिन यू विदाउट यू'मधला दिलरुबा, तंबोरा व तबला स्पष्ट ऐकू येतात. लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलच्या या वादकांची, दिलरुबावरील अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांचीही, नावे १९६७ च्या वेष्टनावर नव्हती. २०२२ च्या 'रिव्हॉल्व्हर'साठी तर पीटर जॅक्सनच्या चमूने विकसित केलेल्या संगणकीय तंत्राने एकाच ट्रॅकवर मिसळलेले ड्रम, बास आणि गिटार वेगळे काढण्यात आले. १९७३ च्या डीकोडरला जे जमले नाही ते आता जमले.

दरम्यान वितरणही बदलले. २०१२ मध्ये चित्रपटांसाठी आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीत आवाज ठरावीक स्पीकरला बांधलेला नसतो. त्याची अवकाशातील जागा, उंचीसकट, नोंदवलेली असते आणि घरात जितके स्पीकर असतील त्यांच्यावर यंत्र ती मांडते. २०१७ मध्ये आर.ई.एम.चा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' ॲटमॉसमध्ये निघाला, २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने ते हेडफोनपर्यंत नेले, आणि मागणी अचानक इतकी वाढली की पुष्कळ अल्बम क्वाड्राफोनिकच्या काळासारखेच झटपट उरकले जाऊ लागले. अशा मिश्रणांत गायक मागे सरकतो, ढोल फुसके होतात आणि मूळ गाण्याचा दम निघून जातो. हेडफोनवर ऐकून चौफेर ध्वनीबद्दल मत बनवणारे बहुतेक श्रोते याच मालावरून ते बनवत आहेत, ही वस्तुस्थिती खेदजनक आहे.

पहिल्या खेपेत जे कमी पडले ते केवळ तंत्र नव्हते; मूळ अल्बमला दस्तऐवज मानून त्याच्याशी महिनोन्‌महिने झगडण्याची गरज तेव्हा कोणाला वाटत नव्हती, कारण तो अल्बम अजून कालचाच माल होता. तरीही त्या काळातील मिश्रणेही आता इतिहास झाली आहेत आणि ऱ्हायनो कंपनीने २०१६ मध्ये शिकागो या बँडच्या जुन्या क्वाड्राफोनिक मिश्रणांचा संच ब्लू-रेवर काढल्यापासून ती पुन्हा उपलब्ध होऊ लागली आहेत. ज्या वाचकाला या विषयात शिरायचे असेल त्याने परिचयाचा एक अल्बम घ्यावा, आधी मूळ स्टीरिओ मिश्रण दोन-तीनदा लक्षपूर्वक ऐकावे, मगच त्याचे चौफेर रूप खऱ्या स्पीकरांवर ऐकावे, आणि ज्या संचात मूळ मिश्रण सोबत दिलेले नाही तो विकत घेऊ नये.